पुन्हा एकदा, उजेडापासून

हेड्डा गेल्याचं ऑर्टविनला कळलं तेव्हा त्याच्या हातात कच्चा खिमा लावलेला अर्धा पाव होता. नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये तो कैद्याच्या वेशात बसला होता, तोंडाला व्हॅसलीन आणि काजळी फासून. इस्पितळातल्या नर्सने फोनवर आधी नावाची खात्री करून घेतली. मग म्हणाली, "तुमच्या पत्नी मघाशी गेल्या, बेंकेसाहेब. झोपेतच. तुम्ही सावकाश या. त्यांना आम्ही खोलीतच ठेवतो."

"बरं," तो म्हणाला. "आभारी आहे."

तोंडातला घास गिळावा की थुंकावा, हे त्याला कळेना. शेवटी गिळला.

तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला. "कोरसमधले पुरुष, रंगमंचावर या. कोरसमधले पुरुष." ही हाक आली की ऑर्टविनचे पाय आपोआप जिन्याकडे वळत, इतकी वर्षं तसंच चाललं होतं. आताही वळले. इस्पितळात जायचं तर दरवाजातून बाहेर पडायला हवं होतं. तो जिना चढला.

बायको पुरुषाच्या वेशात तुरुंगात चाकरीला राहते आणि नवऱ्याला सोडवून आणते, त्या जुन्या ऑपेराची तालीम होती. दर काही वर्षांनी तो व्हायचाच. हेड्डा दर वेळी म्हणायची, "तुझ्यासाठी मीही आले असते रे, पण त्या गड्याच्या विजारीत माझं बूड मावायचं नाही."

कैद्यांना घटकाभर अंगणात सोडतात, तो प्रवेश. कोरसमधल्या पुरुषांनी एकेक करून तळघरातून उजेडात यायचं आणि गायला लागायचं. ऑर्टविन बाहेर आला. दिव्याचा झोत डोळ्यांवर पडला. तो मटकन खाली बसला. एक हात जमिनीवर, तोंड उघडं, सूर नाही.

"थांबा, थांबा!" अंधाऱ्या प्रेक्षागृहातून दिग्दर्शक ओरडला. हा झेवेरिन म्यूनिखहून आलेला, तिशीतला, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना अरेतुरे करणारा. "हे! ऑर्टविनने आत्ता केलं ना, हे! इतके आठवडे मी घसा फोडतोय. तुम्ही सगळे गाडी पकडायला निघाल्यासारखे बाहेर येता. कैदी असा असतो, बाबांनो!"

खाली वाद्यवृंदात व्हायोलिनवाल्यांनी कौतुकाने आपले गज स्टँडवर टकटक आपटले. कुणी पायाने ताल दिला.

कोरसमधला शेजारी लुट्झ कानाशी कुजबुजला, "काय रे म्हाताऱ्या, पेन्शन दारात आली आणि आता नट व्हायचं सुचलं होय?"

"पुन्हा एकदा, उजेडापासून," झेवेरिन म्हणाला. "ऑर्टविन, तस्संच कर."

ऑर्टविन तळघरात परत गेला. संगीत सुरू झालं. तो बाहेर आला आणि पडला. या वेळी पडणं जास्त चांगलं जमलं. हात कुठे टेकायचा, हे आता ठाऊक होतं. तोंडही त्याने जरासं दिव्याकडे वळवलं, मागच्या रांगेतून दिसावं म्हणून. आपण तोंड वळवलं हे ध्यानात आलं आणि मघाचा खिमा घशाशी आला.

"वा! आता सगळ्यांनी!"

त्याच्याभोवती सगळा कोरस मटकन खाली बसला. कुणी हात टेकला, कुणी जबडा सोडला. एकजण गुडघा चोळत हसत होता. बाजारातल्या पाटीत पडलेल्या मासळीसारखी ती उघडी तोंडं. ऑर्टविन जमिनीवरून त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याला शिसारी आली, पण नजर काढता येईना.

"माझं जमतंय का बघ," लुट्झ म्हणाला. त्याने हुबेहूब उचललं होतं. "पण तुला हे सुचलं कुठून रे?"

"हेड्डा वारली."

"काय?"

"आत्ता फोन आला होता. कँटीनमध्ये."

लुट्झचा जबडा मिटला. तो उठला आणि विंगेतल्या व्यवस्थापक डोर्टेबाईंकडे गेला. डोर्टेबाईंनी तालीम थांबवली.

झेवेरिन धावतच वर आला. त्याने ऑर्टविनला मिठी मारली. त्याच्या तोंडाला ई-सिगारेटचा गोडमिट्ट स्ट्रॉबेरीचा वास येत होता. "अरे देवा. मला कुठे माहीत होतं रे! जा, आधी तिच्याकडे जा. इथली काळजी करू नकोस." मग मिठी न सोडताच, हळू आवाजात, "आणि हे बघ, तुला झेपलं तरच. पण शुक्रवारी प्रयोगाला आलास, तर तो हात तेवढा तसाच ठेव. तिलाही आवडलं असतं."

"तुम्ही तिला ओळखत नव्हता," ऑर्टविन म्हणाला. "आणि मला अहोजाहो करा."

झेवेरिनने हात काढून घेतले. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला काजळी लागली होती. तो ती पुसू लागला, तशी ती आणखीच पसरली.

कपडे बदलायच्या खोलीत ऑर्टविनने तोंड धुतलं. व्हॅसलीन नुसत्या पाण्याने निघत नाही. कानामागचं काळं तसंच राहिलं. स्पीकरमधून वरची तालीम ऐकू येत होती. पुन्हा उजेडापासून. धप्, धप्, माणसं पडत होती. एव्हाना त्यांना चांगलंच जमू लागलं होतं.

त्याने कोट चढवला आणि आरशात पाहिलं. डोळे कोरडे होते. सकाळपासून तो दोनदा कोसळला होता, दोन्ही वेळा लोकांनी वाखाणलं होतं. हेड्डासाठी रडायचं अजून राहिलंच होतं.