विटकी साडी

सोमालियाच्या चाच्यांनी माझ्या हरेशचं जहाज धरलं, त्याला तीन महिने झाले तेव्हा पेपरचा फोटोग्राफर घरी आला. फोटोसाठी हरेशच्या आईनं म्हशाच्या जत्रेतली कोरी साडी नेसली. तो म्हणाला, "मावशी, दुःख दिसत नाही. जुनी साडी नेसा." ती आत गेली. "तोवर माहुली किल्ल्याचे फोटो घेतो, ढग मस्त उतरलेत," म्हणत तो समोरच्या बांधावर गेला. विटकी नेसून, हरेशचा फोटो छातीशी धरून ती अंगणात उभी राहिली. त्याची मोटारसायकल तिकडूनच गेली. मी म्हणालो, "आत ये गो, तो आता नाय येत." "साडी बदला म्हनला, म्हंजे येलच." रविवारच्या पेपरात पानभर माहुलीचे सुळके, तळाशी आमचं अंगण, त्यात नखाएवढी ती. हातातला हरेश दिसेना. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. छापलं होतं, "चिंता विसरा, माहुलीला चला!"