न टिकणारं इंजिन

डगने बाटलीचं बूच उघडलं आणि पांढरट पाणी इंजिनात ओतलं. तेल त्याने आधीच काढून टाकलं होतं. भंगाराच्या धंद्यात इंजिन मारायची ही साधी रीत. तेलाच्या जागी हे पाणी आत फिरतं, तापतं, तापलं की त्याची काच होते, आणि ती काच आतले सगळे भाग जागच्या जागी जखडून टाकते. फक्त त्यासाठी इंजिन चालू करावं लागतं. मारायचं, तर आधी जिवंत करायचं.

"दोन मिनिटं," डग म्हणाला. "फार तर तीन. आजवर शेकड्यांनी मारलीत मी."

शैलजा इंजिनाभोवती एक फेरी मारून आली. डेट्रॉइटबाहेरच्या त्या टेस्टिंगच्या खोलीत आठ सिलिंडरचं तिचं इंजिन लोखंडी स्टँडवर बसलेलं होतं. गाडीत ते कधी बसलंच नाही. ज्या मसल कारसाठी तिने हाडाची काडं करून ते घडवलं, ती आता बॅटरीवर धावणार होती आणि गुरगुरणार होती स्पीकरमधून. वाघ नको, पण डरकाळी हवी, असा सगळा कारभार.

इंजिन टिकणार नाही, असं वरच्या लोकांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. टिकतं की नाही याची चाचणी तर अजून व्हायचीच होती. शैलजाने तेव्हा नकुलकडे बघितलं होतं. नकुल तिचा बॉस, आणि तिच्या मैत्रिणीचा, दीपाचा मुलगा. लहानपणी तिच्या गाडीत मागे बसून "मावशी, अजून जोरात" म्हणून ओरडायचा. त्या मीटिंगमध्ये मात्र तो टेबलाकडे बघत राहिला. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. त्याने टाळी वाजवली.

आज तो दाराशी उभा होता. इंजिन नष्ट झाल्याचा व्हिडिओ कंपनीला हवा होता, म्हणून दारावर कॅमेरा लावला होता.

"तू घरी जा ना, मावशी," तो म्हणाला. "यू डोन्ट हॅव टू डू धिस. डग हँडल करेल."

"माझं आहे ते. मीच करते."

तिने इअरमफ कानांवर चढवले आणि बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. त्याला काय माहीत, तेलाच्या जागी काय भरलंय.

आवाज जमिनीतून तिच्या पायांत चढला. चटकन मेलं तर मीटिंगवाले खरे. नाही मेलं तर ती खरी, आणि खरी ठरून पदरात काय पडणार, तर हा तमाशा अजून थोडा वेळ बघणं. तरी तिला मनापासून वाटत होतं, मरू नकोस. एवढ्यात मरू नकोस.

ते मेलं नाही. डगने घड्याळ बघितलं, मग बाटलीवरचं लेबल वाचलं, मग परत घड्याळ बघितलं. आवाज घोगरा झाला. आत काहीतरी कडकड वाजू लागलं. बेअरिंगं कोरडी पडून सोलली जात होती, आणि ते तिला आपल्याच सांध्यांत होत असल्यासारखं कळत होतं. तरी इंजिन फिरत होतं. डगने खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

नकुल तिच्या शेजारी आला. त्याचे ओठ हलले. त्या गदारोळात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण टेस्टिंगच्या खोल्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात.

"यू वेअर राइट, मावशी," तो म्हणत होता. "तू बरोबर होतीस." त्याचे डोळे भरून आले होते. "आता बंद कर. प्लीज."

शैलजाने वेग वाढवायचा लिव्हर शेवटपर्यंत ढकलला.

ज्या वेगासाठी ते इंजिन बनलं होतं, तिथपर्यंत त्याला आजवर कोणी जाऊ दिलं नव्हतं. मीटरवरचा वेगाचा काटा चढत गेला. खिडकीची काच थरथरायला लागली, डग खुर्ची सोडून भिंतीला टेकला. काटा लाल रेघेला पोचला आणि तिथे उभा राहिला. तेलाचा थेंब नसताना, अंगात काच भरलेली असताना उभा राहिला. शैलजाच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते त्या आवाजात तिलाही कळलं नाही.

मग आतून धप्प झालं. काटा पडला.

खोलीत जळका वास भरला. शैलजाने इअरमफ काढले. तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं. ती नकुलकडे वळली.

"आता म्हण," ती म्हणाली. "आता ऐकू येतंय."

नकुलने तोंड उघडलं. तेवढ्यात डगने कपाळ पुसत मध्येच विचारलं, "असलं चिवट इंजिन मी जन्मात बघितलं नाही. तुम्ही लोकांनी हे बंद का केलं?"

नकुलने शैलजाकडे बघितलं. मग दारावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"ड्युरेबिलिटी," तो डगला म्हणाला. "टिकत नव्हतं."

डगला वाटलं, विनोद केला. तो हसला. दुसरं कोणी हसत नाही म्हटल्यावर त्याने मुकाट्याने रिकामी बाटली पिशवीत टाकली.

खोलीत आता कसलाच आवाज नव्हता. शैलजाने इअरमफ पुन्हा कानांवर चढवले.