पिकअपमधला दिवा

"त्या दिव्याचा नाद सोड गं, गाडी म्हातारी झालीय," यशवंत बायकोला म्हणायचा.

दुपारी तो डुलकी घेत असताना वैजयंतीने पिकअपमधल्या दिव्याचं पिवळं पडलेलं झाकण काढलं. बल्ब शाबूत होता. वायर मात्र पक्कडीने कापलेली होती. दार उघडल्यावर त्याच्या शेजारी कोण बसलंय ते दिसू नये, म्हणून. तिने वायर जोडली आणि जास्त प्रकाशाचा बल्ब बसवला. निघताना उन्हात यशवंतला काही कळलं नाही.

संध्याकाळी वीज गेली, तेव्हा सगळी आळी ओट्यांवर बसली होती. कोपऱ्यावर पिकअप थांबली, दार उघडलं आणि आत लख्ख उजेड पडला. शेजारची कुंदा यशवंतच्या गळ्यातला हात काढायलाही विसरली.

वैजयंतीने ओट्यावरूनच हाक मारली, "कुंदा, रोजच्यासारखं विरजण न्यायला येतेस ना गं?"