राक्षसाची शिंगं

मध्यंतराला केतकीनं आपला समोसा द्वारकाआजीच्या हातात कोंबला. "माझ्या कादंबरीत राक्षसाला सात शिंगं आहेत. या मेल्यांनी सिनेमात दोनच लावली! मी निघाले. माझं नाव काढून टाका म्हणून सांगते."

आजीनं समोशाचा तुकडा मोडला. "गोष्ट मी सांगायचे तेव्हा त्याला शिंगंच नव्हती गं. तू ताटात कारलं टाकलंस की मी एक शिंग लावायचे. सात वेळा टाकलंस, सात झाली. दोडक्यापायी शेपूट आलं, ते तू पुस्तकात गाळलंस. मी रुसले का?"

केतकीला हसू आलं, पण खांद्यावरची पिशवी काही उतरेना.

दिवे विझले. पडद्यावर राक्षस गरजला, "ताटात कुणी टाकलं रे?"

मागच्या रांगेतली चिमुरडी आईच्या कुशीत शिरली. "आई, उद्यापासून मी दोडका खाते. देवाशप्पथ!"

आजीनं नातीच्या मांडीवर चापट मारली. "शिंगं गेली खड्ड्यात. राक्षस आपलाच आहे!"

केतकीनं पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला. "माझा समोसा दे."

"तो मघाशीच राक्षसानं खाल्ला," आजी ओठ पुसत म्हणाली.