सुरतेचा फोटोवाला

लेक दूर बडवानी संस्थानात दिलेली. वर्ष-वर्ष भेट होणार नव्हती. "मन्ही पोरनं तोंड माले रोज दखाले जोयजे," धनुबाईने नवऱ्याला बजावलं होतं. जवळच्या फोटोवाल्याकडे चेहरे पुसट येतात, म्हणून पितांबर पाटलांनी कळसाडी गावच्या लग्नमांडवात थेट सुरतेचा फोटोवाला आणला आणि व्याह्यांना मानाने लेक-जावयाच्या मधोमध बसवलं. धनुबाई तेव्हा पंगतीत वाढत होती.

महिन्याने फोटो आला. तिने तो दारातल्या उजेडात धरला. जावयाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

"साफ शे ना?" पाटलांनी कौतुकाने विचारलं.

 

सासऱ्यांशेजारी बसल्यामुळे लेकीने हनुवटीच्याही खालपर्यंत ओढलेल्या पदराचा धागा न् धागा साफ आला होता.