पुरावा कुणी द्यायचा?

आमचा देवदत्त युनिव्हर्सिटीत तर्कशास्त्र शिकवतो. त्याला देवघराच्या जागी रंगीत टीव्ही हवा.

"देव आहे असं तू म्हणतेस, आई. मग पुरावा तूच द्यायचा. नाही दिलास, तर उद्या सकाळी तुझे देव गंगेत."

"आणि नाही म्हणतोस, त्याचा पुरावा कुणी द्यायचा? तुझ्या सासऱ्यानं?"

"नाही म्हणणाऱ्याला द्यावा लागत नाही."



सकाळी पौषाच्या कडाक्यात तो देव उचलायला आला. एरवी सुट्टीला दुपारपर्यंत पारोसा लोळणारा, पण आज केसांतून पाणी निथळत होतं.

"ने, बुडव," मी म्हटलं. "पण मेल्या, नुसत्या पितळेला हात लावायला एवढ्या थंडीत आंघोळ कशाला केलीस?"