आवृत्ती : होम

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता दिपालीचा नवा लॅपटॉप कंपनीच्या तपासणीत नापास झाला. पडद्यावर ओळ आली. आवृत्ती : होम. खाली लाल अक्षरांत : हे यंत्र पात्र नाही.

तिने राहात्याहून पुण्याला फोन लावला. ती कंपनी दवाखान्यांची विम्याची कागदपत्रं तपासून देते. तिकडच्या पूजा मॅडम शांतपणे बोलल्या.

"रुग्णांची माहिती असते. लॅपटॉपमधल्या सिस्टीमच्या होम आवृत्तीवर आमची सुरक्षा बसत नाही. वर्क फ्रॉम होमला होम चालत नाही, पत्रात लिहिलं होतं." मग म्हणाल्या, "घरातला प्रोफेशनल आवृत्ती असलेला कोणताही कॉम्प्युटर चालेल. बारा वाजेपर्यंत जोडा. नाहीतर मला यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल."

लग्नाआधी दिपालीने नगरच्या एका दवाखान्यात हेच काम दोन वर्षं केलं होतं. लग्नानंतर सहा वर्षं नाही. पुण्याला जायचं नाही, गावातही रोज बाहेर पडायचं नाही, घरात बसून काय करायचं ते कर, असं ठरलं होतं. घरात बसून करता येईल अशी ही पहिली नोकरी. चार मुलाखती झाल्या. शेवटची तिने मागच्या खोलीत दार लावून दिली. बाहेर शेजारच्या बायका पापड लाटत होत्या.

नेमणुकीचं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी तिच्या नवऱ्याने, कल्याणने, लॅपटॉप आणला. बिल तिने नीट वाचलं होतं. त्यावर दोन वस्तू होत्या : लॅपटॉप आणि प्रोफेशनलचा कोड. ती निर्धास्त होती.

तिने दुकानदाराला, वाल्मिकला फोन केला.

"वहिनी, लॅपटॉप होमच येतो. प्रोचा कोड पाकिटात घालून दादांकडं दिलाय. तो टाकला की झालं. दहा मिनिटांचं काम."

पाकीट टीव्हीच्या मागे सापडलं. आतल्या कार्डावरचा पट्टा आधीच खरवडलेला होता. तिने कोड टाकला. उत्तर आलं : हा कोड दुसऱ्या यंत्रावर वापरलेला आहे.

वाल्मिककडे दुसरा कोड नव्हता. मागवला तर उद्या दुपारपर्यंत येईल, असं तो म्हणाला.

घरात दुसरं यंत्र एकच होतं. बाहेरच्या खोलीतला कल्याणचा कॉम्प्युटर.

कल्याण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. त्याने तिसऱ्या वेळी फोन उचलला.

"अहो, प्रोचा कोड तुमच्या कॉम्प्युटरला टाकला का?"

"व्हय. मग?"

"तो माझ्यासाठी होता."

"तुला कशाला प्रोफेशनल? तू घरीच हायेस. होम म्हंजे घर, येवढं इंग्रजी मलापन येतं. नोकरीवाला मी हाय, म्हनून प्रोफेशनल मला."

"होम असलं तर घरून काम करता येत नाही म्हणे."

"मग काय देवळातून करायचं?"

त्याच्या मागे कोणीतरी हसलं.

"मी तुमचा कॉम्प्युटर वापरते. पासवर्ड सांगा. बारापर्यंतच मुदत आहे."

"संध्याकाळी आल्यावर बघू. काट्यावर ट्रॅक्टर लागल्यात. ठेव."

त्यानंतर तिने आठ वेळा फोन केला. त्याने उचलला नाही.

कल्याणच्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता. दिपालीने तो काढून घडी केली आणि खुर्चीवर ठेवला. सासूबाई, मनकर्णाबाई, दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

"त्याला इचारल्याबिगर हात नको लावू बाई. कामाचं आसंल कायतरी त्यात."

"काल दिवसभर काय काम करत होते, आत्या?"

मनकर्णाबाईंनी थोडा विचार केला.

"पत्ते लावीत व्हता," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर सुरू झाला. कोपऱ्यात प्रोफेशनल असं लिहिलेलं होतं. मध्यभागी पासवर्डची चौकट होती. दिपालीने लग्नाची तारीख टाकली. चूक. कल्याणची जन्मतारीख टाकली. चूक. मग चौकटीखाली एक ओळ उमटली. पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून माणूस स्वतःच लिहून ठेवतो, तसली सूचना. ती कल्याणनेच लिहिली होती.

घरात नोकरी कोण करतं?

दिपाली त्या ओळीकडे पाहत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. उत्तर अवघड नव्हतं. सहा वर्षं त्याला एकच उत्तर होतं. शुक्रवारपासून दुसरंही होतं, आज बारा वाजेपर्यंत.

"आलं का काय ध्यानात?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आलं," दिपाली म्हणाली. पण हात मांडीवरच होते.

अकरा त्रेपन्नला तिने टाइप केलं. मनकर्णाबाईंना दारातून चौकटीत सहा काळे ठिपके दिसले. पासवर्डची अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, फक्त मोजता येतात. इंग्रजीत लिहिली तर नवरा-बायको दोघांचीही नावं सहाच अक्षरांची आहेत.

अकरा अठ्ठावन्नपर्यंत तिने एंटर दाबलेलं नव्हतं.